जुन्या पिकअपच्या हेडलाईटचं वायरिंग : फॉल्ट शोधायचा कसा आणि काढायचा कसा

जुनी पिकअप घेताना लोक इंजिन बघतात, गिअर बघतात, टायरला नख लावून बघतात, आणि हेडलाईटचं आलं की "लागतायत ना, मग झालं" म्हणून पुढे जातात. मग जुलैमधे टोमॅटो भरून नारायणगावहून मालशेजमार्गे कल्याणकडे निघालं की घाटातल्या धुक्यात कळतं, लाईट लागलीये पण पुढचा पांढरा पट्टा काही दिसत नाही.

हा लेख ज्यांनी कधी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) हातात धरला नाही त्यांच्यासाठी आहे. मी ऑटो इलेक्ट्रिशियन नाही. घरची जुनी पिकअप आहे, तिची लाईट कधी मंद, कधी एकच, कधी खड्ड्यात आदळली की गुल, आणि जिथे जावं तिथे एकच सल्ला, बल्ब बदला नाहीतर शंभर-नव्वद वॅटचा टाका. मीटर मात्र कोणी लावून बघेना. शेवटी स्वतःच शिकलो. एवढं पक्कं सांगतो की मोजल्याशिवाय एकही पार्ट बदलू नका. बहुतेक वेळा बल्ब चांगला असतो, बॅटरी चांगली असते, व्होल्टेज मधेच कुठेतरी खाल्लं जात असतं.

इथे मी १२ व्होल्टची गाडी आणि तीन पिनांचा एच-४ हॅलोजन बल्ब धरून चाललोय, आपल्याकडच्या बहुतेक जुन्या पिकअपना हेच असतं. एकाच बल्बात दोन फिलामेंट, अप्परचं ६० वॅट आणि डिप्परचं ५५ वॅट. तिसरी पिन अर्थची (म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे परत जायची वाट), दोघांत मिळून एक.

१. आधी सामान गोळा करा

- डिजिटल मल्टिमीटर. साधा स्वस्तातला चालतो. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत ढिगाने मिळतील.
- टेस्ट लॅम्प, म्हणजे टोकदार दांडा, आत छोटा बल्ब आणि वायरला चिमटा.
- १० आणि १२ नंबरचे पाने, पक्कड, वायर सोलायचा कटर, थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक) दाबायची पक्कड.
- पॉलिश पेपर, वायर ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, थोडी पेट्रोलियम जेली.
- वेगवेगळ्या मापाचे थिंबल, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी), वायर झाकायचा प्लॅस्टिकचा नालीदार पाईप, केबल टाय.
- ऑटोची मल्टिस्ट्रँड वायर : २.५, १.५ आणि ०.७५ स्क्वेअर एमएम.
- जास्तीचे फ्यूज. ब्लेड फ्यूजचा रंग बघून अँपिअर कळतात, लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०.

वायर घेताना एक काम करा, टोक सोलून ब्लेडने एक तार खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे, परत द्या. घरच्या फिटिंगची कडक सिंगल तारेची वायर तर अजिबात नको, गाडीच्या हादऱ्याने ती आतल्या आत तुटते.

२. गाडीला हात लावायच्या आधी लक्षण लिहून काढा

संध्याकाळी गाडी भिंतीसमोर लावा, इंजिन चालू ठेवा, एकाला स्टिअरिंगवर बसवा आणि तुम्ही पुढे उभे राहा. डिप्पर, अप्पर, परत डिप्पर. काय दिसलं ते कागदावर लिहा. अर्धा फॉल्ट इथेच सापडतो.

एकाच बाजूचं काहीच लागत नाही : त्या बाजूचा बल्ब, होल्डर, अर्थ किंवा फ्यूज. स्विचला दोष देऊ नका, स्विच खराब असता तर दोन्ही बाजू गेल्या असत्या.

दोन्ही बाजूंचा डिप्पर गेलाय, अप्पर ठीक आहे : स्विचचा डिप्परचा कॉन्टॅक्ट, डिप्परचा फ्यूज किंवा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). पण आधी दोन्ही बल्बांचं डिप्पर फिलामेंट बघून घ्या, आपण डिप्परच जास्त वापरतो त्यामुळे दोन्ही बल्ब महिन्याभराच्या अंतराने जातात आणि पहिला गेलेला कोणाच्या लक्षात येत नाही.

दोन्ही लागतात पण पिवळट, मंद : वाटेत व्होल्टेज पडतंय. याच्यावर पाचव्या पायरीत सविस्तर.

आता सगळ्यात फसवं लक्षण. डिप्पर लावला की एक बाजू नीट, दुसरी बाजू अगदी मिणमिणती, आणि डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा पण हलकासा पेटतो. हे बघून लोक स्विच बदलतात. फॉल्ट असतो त्या मिणमिणत्या बाजूच्या अर्थचा. होतं असं की डिप्परच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला अर्थकडे जायला वाट नसते, मग तो त्याच बल्बातल्या अप्परच्या फिलामेंटमधून उलटा निघतो, अप्परच्या वायरने दुसऱ्या बाजूच्या बल्बात जातो आणि तिकडच्या अर्थला पोचतो. वाटेत निळा दिवाही थोडा पेटवतो. हे लक्षण दिसलं तर बाकी काही न करता सरळ अर्थचा बोल्ट शोधा.

खड्ड्यात आदळल्यावर किंवा स्टिअरिंग फिरवताना लाईट जाते-येते : सैल कपलर (वायरी एकमेकींना जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग), तुटत आलेली वायर किंवा स्टिअरिंगखालचा स्विच.

३. बॅटरी आणि फ्यूज

हे पटकन होतं पण टाळू नका. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल वायर व्होल्टच्याच भोकात आहे ना ते बघा, १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही बॅटरीला लावली तर सरळ शॉर्ट होईल.

इंजिन बंद असताना चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. इंजिन चालू करून थोडा ॲक्सिलेटर दिला की १३.८ ते १४.४. इथेच १२.५ दाखवत असेल तर अल्टरनेटर, बेल्ट किंवा रेग्युलेटर बघा, हेडलाईटच्या वायरिंगमधे डोकं घालून उपयोग नाही. टर्मिनलवर हिरवा-पांढरा भुगा असेल तर गरम पाण्याने धुवून, ब्रशने घासून, घट्ट करून जेली लावा.

फ्यूज काढून नुसता डोळ्याने बघू नका. लाईट चालू ठेवून टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीच्या उघड्या पत्र्याला लावा आणि टोक बसवलेल्या फ्यूजच्या पाठीवरच्या दोन्ही बारीक टोकांना लावा, दोन्हीकडे पेटला पाहिजे. फ्यूजचे पाय किंवा बॉक्सची जागा तपकिरी झाली असेल तर तिथे सैलपणा आहे.

जुन्या गाडीत फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगरेटच्या पाकिटातली चांदी सापडली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. ती काढा आणि बरोबर अँपिअरचा फ्यूज टाका. तो उडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. मोठा फ्यूज टाकला की फ्यूजच्या ऐवजी वायर जळते.

४. होल्डर आणि अर्थ

बल्बमागचं रबरी टोपण काढा आणि होल्डर बाहेर ओढा. प्लॅस्टिक करपलंय का, पिना काळ्या पडल्यात का, मागची वायर कडक होऊन तडकलीये का बघा. असं असेल तर होल्डर बदला, सिरॅमिकचा घ्या. फक्त त्याला आलेल्या वायरी बघा, कधी कधी होल्डर दणकट आणि वायर मोबाईल चार्जरसारखी असते, असला घेऊ नका.

बल्ब काढला तर काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलेली जागा तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच बोट तर स्पिरिटने पुसून टाका.

होल्डर समोरून बघितलं तर दोन खाचा उभ्या आणि एक आडवी. आडवी डिप्परची. उभ्या दोघींतली अर्थची कुठली ते मीटरनेच ठरवा. वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका, पंधरा वर्षांत तीन मालक आणि पाच वायरमन होऊन गेलेल्या गाडीत काळी वायर प्लस निघू शकते.

मग अर्थची वायर पकडून मागे मागे जा. ती बहुतेक हेडलाईटच्या मागे, रेडिएटरच्या सपोर्टच्या पत्र्यावर एका १० नंबरच्या बोल्टला जाते. हा बोल्ट वरून चांगला दिसतो. उघडलात की थिंबलच्या खाली लाल गंजाची चकती निघते, किंवा कोणीतरी डेंटिंग-पेंटिंग करताना पत्र्यावर रंग मारलेला असतो आणि थिंबल त्या रंगावरच बसवलेलं असतं. पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, थिंबल काळं असेल तर नवीन दाबा, दातेरी वॉशर टाकून आवळा आणि वरून जेली फासा. जेली आधी आत भरू नका, धातूला धातू टेकला पाहिजे.

५. व्होल्टेज ड्रॉप मोजा

इथे घाई करू नका, सगळ्या लेखात हीच पायरी शिकण्यासारखी आहे.

बरेच जण होल्डर काढून, मोकळ्या पिनांना मीटर लावतात, १२.५ दिसलं की म्हणतात वायर ठीक आहे. नाही. वायरच्या आतल्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असेल तरी मोकळ्यात मीटर पूर्ण व्होल्टेजच दाखवतो, कारण करंट वाहतच नाहीये. बल्ब लावलेला पाहिजे, लाईट चालू पाहिजे, तेव्हाच मोजायचं.

होल्डर बल्बावर बसवा आणि होल्डरच्या मागच्या बाजूने, वायर जिथे आत जाते तिथून एक टाचणी पिनेला टेकेपर्यंत सरकवा. मीटर टाचणीला लावायचा. वायरच्या कव्हरात सुई टोचू नका, त्या भोकातून पाणी शिरतं आणि दोन पावसाळ्यांत आतलं तांबं हिरवं होतं.

इंजिन चालू, डिप्पर चालू. आता चार मापं घ्या :

- बॅटरीच्या प्लस-मायनसवर. समजा १३.९ आलं.
- होल्डरच्या डिप्पर पिन आणि अर्थ पिनेच्या मधे. समजा ११.२.
- मीटरची लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी होल्डरच्या डिप्पर पिनेला. समजा २.१. (वायर पुरत नसेल तर एक लांब तुकडा जोडून घ्या.)
- लाल वायर होल्डरच्या अर्थ पिनेला, काळी बॅटरीच्या मायनसला. समजा ०.६.

२.१ आणि ०.६ मिळून २.७, आणि १३.९ मधून ११.२ गेले तरी २.७. हिशोब जुळला म्हणजे मोजणी बरोबर. याचा अर्थ प्लसच्या बाजूला २.१ व्होल्ट खाल्ले जातायत आणि अर्थच्या बाजूला ०.६. चांगल्या वायरिंगमधे दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आसपास पाहिजेत. म्हणजे इथे मोठा चोर प्लसच्या बाजूला आहे, अर्थ पण थोडा साफ करायला हवा.

२.७ व्होल्ट ऐकायला काही वाटत नाही, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, फार जास्त वेगाने कमी होतो. व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड साधारण ३० टक्के जातो. वरच्या उदाहरणात तर निम्म्याहून कमी उजेड उरलाय, आणि बल्ब नवा कोरा आहे! शिवाय दोन बल्बांचा ९ अँपिअरच्या आसपासचा करंट आणि २.१ व्होल्टचा ड्रॉप, म्हणजे १५ ते २० वॅटची उष्णता वायरिंगमधे कुठेतरी तयार होतेय. ती एकाच जागी तयार होत असेल तर तिथलं प्लॅस्टिक वितळणारच.

यावरूनच कळेल की शंभर-नव्वदचा बल्ब हा उपाय का नाही. ६० वॅटचे दोन बल्ब १० अँपिअर ओढतात, १०० वॅटचे दोन साडेसोळाच्या पुढे. त्याच थकलेल्या वायरीतून. ड्रॉप अजून वाढतो, होल्डर करपतो, रिफ्लेक्टरची चमक जाते आणि उजेड म्हणाल तर थोडाच वाढतो.

एक अडचण येऊ शकते. काही जुन्या जपानी बनावटीच्या पिकअपमधे स्विच प्लसला नसून अर्थच्या बाजूला असतो. बल्बाच्या सामाईक पिनेवर कायम १२ व्होल्ट दिसले तर तुमची गाडी तशी आहे. मोजणी तशीच करायची, फक्त प्लस-अर्थ उलट समजायचं, आणि खाली दिलेली रिलेची जोडणी जशीच्या तशी तिला करायची नाही.

६. चोर नेमका कुठे ते शोधा

प्लसच्या बाजूला ड्रॉप जास्त असेल तर लाल वायर बॅटरीवरच ठेवा आणि काळी मागे मागे आणा. होल्डरला २.१, हेडलाईटच्या कपलरला २.०, स्विचमधून बाहेर पडणाऱ्या वायरला १.९, स्विचमधे जाणाऱ्या वायरला ०.५. सापडला, स्विचच १.४ व्होल्ट खातोय. ज्या दोन जागांच्या मधे आकडा एकदम उडी मारतो, फॉल्ट तिथे.

बऱ्याच जुन्या गाड्यांमधे हेडलाईटचा पूर्ण करंट स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमधूनच जातो, त्यामुळे त्याचे पितळी कॉन्टॅक्ट जळतात. दहा मिनिटं लाईट चालू ठेवून स्विचच्या कपलरला हात लावून बघा, गरम लागला तर समजा. कॉन्टॅक्ट घासून काही महिने निघतात, पण प्लॅस्टिक वितळलं असेल तर स्विच नवाच.

बाकी बघायच्या जागा : केबिन आणि इंजिनच्या मधल्या पत्र्यातलं भोक, तिथलं रबर गेलं की पत्र्याची धार वायर कापते. बॅटरीच्या ट्रेखालची वायर, तिथे ॲसिड गळतं. हॉर्नजवळचे जोड, कारण प्रत्येक हॉर्नवाला तिथेच टॅप मारतो. आणि उंदीर. गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीशेजारी लागत असेल तर अख्ख्या हार्नेसवरून (वायरींच्या जुडीवरून) हात फिरवा. लोक बोनेटमधे तंबाखूच्या पुड्या ठेवतात, माझ्या अनुभवात उंदरांना तंबाखूचं काही पडलेलं नसतं.

लाईट जाते-येते असा फॉल्ट असेल तर अंधारात लाईट चालू ठेवून एकेक कपलर आणि हार्नेसचा एकेक भाग हलवत जा, दुसऱ्याने उजेडावर लक्ष ठेवायचं. जिथे हलवल्यावर लुकलुकलं तिथे टेप सोडा.

७. जोड कसा मारायचा

पहिलं काम, बॅटरीचा मायनस काढा. आधी मायनस, मग लागलं तर प्लस, बसवताना उलटं. प्लस आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या बघायला मिळतील.

दोन वायरी पिळल्या आणि काळी टेप गुंडाळली हा जोड नव्हे. मे महिन्यात टेपचा डिंक पातळ होतो आणि टेप सुटून लोंबते. खराब तुकडा पूर्ण कापा, तांबं हिरवं-काळं असेल तर चकचकीत लागेपर्यंत मागे कापत जा, हीट श्रिंक आधी वायरीत ओवून ठेवा (हे विसरलात की जोड परत सोडावा लागतो), मग क्रिंप करा (म्हणजे पकडीने दाबून जोडा) किंवा सोल्डर मारा, स्लीव्ह सरकवा, गरम करा. सोल्डर मारलेली जागा कडक होते म्हणून तिथे वायर हलणार नाही अशी टायने बांधा. चार वायरी जोडायच्या असतील तर सगळे जोड एकाच जागी आणू नका, दोन-दोन इंचांनी मागेपुढे करा.

८. रिले टाका

स्विच वाचवायचा असेल आणि उजेड खरंच हवा असेल तर हा एकच खर्च मी डोळे झाकून करायला सांगीन. दोन रिले, एक डिप्परचा एक अप्परचा, चार पिनांचे, १२ व्होल्ट ३० किंवा ४० अँपिअर. गाडीला आधीपासून रिले असतील तर नुसते त्यांचे सॉकेट तपासा.

पिनांवर आकडे लिहिलेले असतात :

- ३० ला : बॅटरीच्या प्लसवरून थेट २.५ ची वायर, मधे फ्यूज. प्रत्येक रिलेला वेगळा १५ अँपिअरचा, आणि बॅटरीपासून वीतभराच्या आत.
- ८७ ला : बल्बांकडे जाणारी वायर, प्रत्येक बल्बाला वेगळी १.५ ची.
- ८६ ला : हेडलाईटच्या जुन्या कपलरमधली डिप्परची वायर, दुसऱ्या रिलेला अप्परची. इथे ०.७५ पुरते.
- ८५ ला : अर्थ.

आता जुन्या स्विचमधून फक्त रिलेची कॉईल ओढण्याइतका करंट जातो, अँपिअरच्या पाचव्या भागाएवढाही नाही. बल्बांना बॅटरीवरून सरळ मिळतं. दोन्ही बल्बांच्या अर्थलाही १.५ ची नवीन वायर साफ केलेल्या बोल्टापर्यंत द्या, नाहीतर निम्मं काम वाया.

दुकानदार पाच पिनांचा रिले देईल, त्यातली मधली ८७ए वेगळी असते, ती रिले बंद असताना चालू असते. तिला बल्ब जोडला तर स्विच बंद केल्यावर लाईट पेटेल. रिले पिना खाली येतील असे लावा म्हणजे पाणी साचत नाही, आणि सायलेन्सर, रेडिएटर, पंख्यापासून लांब. तयार हार्नेसही मिळतो, तो घेतलात तर वायरची जाडी आणि फ्यूज आहे का ते बघून घ्या.

सगळं झाल्यावर पाचव्या पायरीतली चार मापं परत घ्या. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं पाहिजे.

९. फोकस आणि पासिंग

उजेड वाढला की फोकस चुकलेला असेल तर समोरच्याच्या डोळ्यात जास्त जातो. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावा, टायरमधे हवा बरोबर ठेवा. हेडलाईटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिप्परची वरची कड त्या रेषेच्या १० ते १५ सेंटीमीटर खाली यायला हवी. रिकाम्या पिकअपवर फोकस लावून मागे माल भरला की मागचा भाग बसतो आणि लाईट झाडांवर जाते, म्हणून नेहमीएवढा माल टाकून एकदा बघाच.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमधे बाजारातले एलईडी बल्ब टाकायचा मोह होईल. त्या रिफ्लेक्टरची घडणच फिलामेंटच्या जागेप्रमाणे केलेली असते, एलईडीचा उजेड नेमका त्या जागेवरून येत नाही, कड फुटते आणि प्रकाश चहूकडे सांडतो. धुक्यात तर स्वतःलाच पांढरी भिंत दिसते.

मालवाहू गाडी आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंगला न्यावी लागते, आणि तिथे हेडलाईट बघतातच. जादा वॅटचे बल्ब असतील तर आधीच काढा. बरोबर आरसी, विमा, पीयूसी आणि टॅक्सची पावती ठेवा. आणि वायरिंग केल्यावर कुठली वायर कुठे गेली त्याचं एक चित्र काढून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोन जादा फ्यूज आणि एका रिलेबरोबर डॅशबोर्डच्या खणात टाकून द्या. रात्री ओतूरच्या पुढे लाईट गेली तर तिथे वायरमन शोधत बसायची वेळ येणार नाही.